आर्डिस मीस्टर रेघ ओलांडते

आर्डिस शाळेत असतानाच ओमानं, म्हणजे आमच्या आजीनं, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला वरच्या बाजूनं एक जुनी उशी ठोकून टाकली. बाबा सवयीनं वाकून जायचे, पोरगी मात्र रोज येता-जाता कपाळ आपटून घ्यायची.

"त्यापेक्षा दारच उंच करून घेऊ या," आई म्हणाली.

"दाराला काय झालंय?" ओमा म्हणाली. "दार आहे तिथंच आहे. वाढतेय ती!"

मी लव्हॉन, तिची थोरली बहीण. माझं डोकं जेमतेम तिच्या खांद्याला लागायचं. त्यामुळे गावातले अर्धे लोक मला "आर्डिसची धाकटी" म्हणायचे. हा अपमान मी अजून गिळलेला नाही.

आयोवातल्या आमच्या गावात मका होता, डुकरं होती आणि मुलींचा बास्केटबॉल होता. शुक्रवारी सामना असला की दुकानदार दुकान बंद करून शाळेत येऊन बसायचा. आमच्याकडे मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा. मैदानाच्या मधोमध रेघ. अलीकडच्या तिघींनी फक्त अडवायचं, पलीकडच्या तिघींनी फक्त बास्केट करायचं, आणि रेघ कुणीच ओलांडायची नाही. आर्डिस अडवणाऱ्यांतली. सगळी शाळा संपली, पण सामन्यात तिनं एकदाही बास्केटच्या दिशेनं चेंडू फेकला नव्हता.

अडवायची मात्र झकास. समोरच्या पोरीपुढं हात पसरून उभी राहायची आणि हळूच, काळजीच्या आवाजात म्हणायची, "अगं, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय बघ." पोरगी खाली बघायची. तेवढ्यात चेंडू आर्डिसच्या हातात.

पंचांनी एकदा तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "तिची नाडी खरंच सैल होती हो. पडली असती तर?"

शाळेच्या शेवटच्या वसंतात कॉलेजच्या प्रशिक्षक मिस हॅलोरन आमच्या घरी आल्या. बाई पूर्वेकडच्या शहरातल्या, पायात पांढरेशुभ्र बूट. नेमका त्याच वेळी आमचा सगळ्यात दांडगा डुक्कर कुंपण तोडून निघाला होता. कुंपणाच्या भगदाडात आर्डिस उभी. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले. तो डावीकडे सरकला की ही डावीकडे, तो उजवीकडे की ही उजवीकडे. शेवटी तोच कंटाळला आणि मागं फिरला.

मिस हॅलोरन चिखलात घोट्यापर्यंत रुतल्या होत्या, पण त्यांना भान नव्हतं. त्या ओरडल्या, "हेच! हेच हवंय मला!"

बाबा शांतपणे म्हणाले, "डुक्कर विकायचा नाहीये."

मग चहा झाला. जर्मनीहून येऊन इथं वसलेल्या आमच्या लोकांचा चहा कडक, तळाशी खडीसाखर आणि वर साय. पुरे झाला की चमचा कपात ठेवायचा, म्हणजे यजमानीण थांबते. हे मिस हॅलोरनना कुणी सांगितलं नाही. ओमा ओतत राहिली, बाई भिडेपोटी पीत राहिल्या. आर्डिस मान खाली घालून हसत होती. मी टेबलाखालून तिला लाथ मारली, ती बाबांना लागली.

"कॉलेजात पाच-पाच जणींचा खेळ असतो," बाई घामाघूम होत म्हणाल्या. "आर्डिस माझी सेंटर होईल, बास्केटखालची उंच खेळाडू. सगळ्या मैदानभर खेळायचं."

ओमाची किटली हवेतच थांबली. "म्हणजे एकाच पोरीनं अडवायचंही आणि बास्केटही करायचं? मग बाकीच्या काय करतात, विणकाम?"

तरीही आर्डिस गेली. सरावात सगळं ठीक चाललं होतं म्हणे. पहिल्या सामन्याला मी, आई आणि बाबा गेलो. ओमा आली नाही. तसला खेळ बघणार नाही, म्हणाली. बँड वाजला, गर्दी ओरडायला लागली आणि आमच्या बयेच्या डोक्यात शाळाच शिरली. चेंडू हिसकावून घेतला, धावत मध्यापर्यंत आली आणि रेघेपाशी गच्चकन थांबली. मागून येणारी तिचीच जोडीदार तिच्या पाठीवर आदळली.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! पाय पडू दिला नाही!"

"आर्डिस, पलीकडे जा!" मिस हॅलोरन किंचाळल्या.

आर्डिसनं वळून विचारलं, "चालेल?"

सगळा हॉल हसला. पुढं आठवडाभर कॉलेजात जो तो जमिनीवर रेघ मारून तिच्यापुढं थांबायचा. रविवारी तिचा फोन आला. आवाज ओला होता. "लव्हॉन, मला घरी यायचंय. सगळे हसतात गं."

ओमानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "हसतात ना? हसणाऱ्याचं लक्ष चेंडूवर नसतं." आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या सामन्यात आर्डिस पुन्हा रेघेपाशी थांबली. चेहरा अगदी बावळट. समोरच्या संघाची सेंटर पोट धरून हसायला लागली, तिनं मैत्रिणींकडे बघून हातही हलवला. तेवढ्यात आर्डिस रेघ ओलांडून थेट बास्केटखाली. तिथं तिला अडवायला कुणीच नव्हतं; जोडीदारणीनं चेंडू तिच्याकडे टाकला. तिनं तो खालून वर असा भिरकावला, जणू बादलीतलं पाणीच फेकतेय. चेंडू कड्यावर फिरला, थबकला, आत पडला.

आनंदाच्या भरात ती परत अडवायला जायचीच विसरली. हसणाऱ्या पोरीपाशी जाऊन म्हणाली, "बघितलंस? माझं पहिलंच!"

ही युक्ती तिनं आणखी एका सामन्यात वापरली. मग बातमी पसरली आणि तिला खरोखरच खेळ शिकावा लागला. उन्हाळाभर ती कोठाराच्या भिंतीला लावलेल्या कड्यात चेंडू टाकत राहिली. नेम चुकला की शिव्या ओमाच्या जुन्या जर्मन बोलीत द्यायची. ओमा खिडकीतून त्यांतले उच्चार सुधारायची. तिसऱ्या वर्षी तिला चुकवून बास्केटखाली जाणं कुणालाही सोपं राहिलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी संघानं साखळी स्पर्धा जिंकली. सामना संपल्यावर तिनं खेळाच्या कपड्यांवर लांब झगा चढवला आणि फोटोवाल्यानं बाबांना तिच्याशेजारी उभं केलं. बाबा आमच्या पंचक्रोशीतले सगळ्यात उंच गृहस्थ, आणि त्याचा त्यांना गर्व होता. त्यांनी तिच्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं.

"बुटांमुळे उंच वाटतेस," ते म्हणाले.

आर्डिसनं बूट काढले. मोज्यांवर उभी राहिली. आता दोघं सारखे दिसत होते. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

बाबांनी खाली पाहिलं. झग्याचा घोळ जमिनीवर लोळत होता. पोरीनं लांब झग्याखाली, कुणाला दिसू नये असे, गुडघे वाकवले होते.

"आर्डिस."

"काय बाबा?"

"सरळ उभी राहा," ते म्हणाले. "एवढी वर्षं वाढवली ती काय वाकून उभी राहायला?"