ढकलत नेलेली फियाट

दुपारी तीनच्या सुमाराला मी पाठ टेकते. नुसती टेकते, झोपायचा विचार नसतो. भांडी झालीत, ओटा पुसून झालाय, फडकं दोरीवर टाकलंय. चैत्रातलं ऊन पडद्यातून आरपार आलंय आणि पंखा एका लयीत कुरकुरतोय. मी ती कुरकुर मोजायला लागते, आणि कितवी मोजली तेच विसरते.

तेवढ्यात मागच्या शेडमधून हॉर्न वाजतो. एकदा लांब, एकदा आखूड.

असा हॉर्न फक्त हे वाजवायचे. हे म्हणजे माझे यजमान, भालचंद्र खटावकर. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं केमिस्ट होते. त्यांना जाऊन चौदा महिने झाले.

मी उठते. उठल्यासारखं वाटतं खरं, पण पायाला फरशी गार लागत नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडते तर शेडमध्ये फियाट उभी आहे. फिकट निळी. मडगार्डवर पोचा पडलेला, तोसुद्धा जागच्या जागी. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन.

"किती वेळ, नलू? बस."

"आत्ता कुठे पाठ टेकली होती मी."

"मग इथे टेक."

शेवटची दोन वर्षं त्यांचे शब्द तोंडात लडबडायचे. आता बोलणं अगदी स्वच्छ आहे. मी शेजारी बसते. दार एका दमात लागत नाही, थोडं उचलून ओढावं लागतं. माझ्या हाताला ते अजून आठवतं.

शेडच्या पुढची गल्ली नाहीच. गाडी थेट पाटणच्या रस्त्याला लागलीय. दोन्हीकडे वडाची झाडं, ऊन-सावली काचेवरून सरकतेय. हे एका हाताने चालवतात, दुसरा हात खिडकीबाहेर. मी त्यांच्याकडे बघत नाही. मला माहीत आहे की मी ही गाडी विकली आहे.

ते सांगायला हवं. ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मागच्या खोलीत कॉट लागली. हे सगळं झालं तरी त्यांचा जीव गाडीत. रोज सकाळी तोंड पुसून दिलं की विचारायचे, "गाडी सुरू केलीस?" मी शेडमध्ये जायची, किल्ली फिरवायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून परत यायची. बाकी काही मला येत नव्हतं. मग उंदरांनी सीट कुरतडली. मग बॅटरी गेली. मग टायर बसले. इकडे ह्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भरवायचं. दोन आजारी माणसं सांभाळणं मला होईना. खरं कारण एवढंच. दमले होते.

जयसिंगपूरचे शिरगुप्पे म्हणून एक गृहस्थ आहेत. जुन्या गाड्यांचे शौकीन. ते पूर्वी दोनदा आमच्या फाटकापर्यंत आले होते आणि दोन्ही वेळा ह्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. "पाहुणे म्हणून या, गिऱ्हाईक म्हणून नको," असं म्हणाले होते. मी त्याच शिरगुप्प्यांना फोन केला. ते दुपारी आले, हे झोपेत असताना. इंजिनचा आवाज ह्यांच्या कानावर जायला नको म्हणून गाडी सुरूच केली नाही. शिरगुप्पे, त्यांचा मेकॅनिक आणि मी, तिघांनी मिळून ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. माझे हात मागच्या काचेखाली होते. पत्रा उन्हाने तापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी विचारलं, "गाडी सुरू केलीस?"

मी म्हटलं, "केली."

मग मी रोजच तसं म्हणत राहिले. सात महिने.

"पुढे बघ, खड्डा आहे," हे म्हणतात आणि वेग कमी करतात.

मी पुढे बघते. रस्ता आमच्या मागच्या खोलीतून चाललाय. एका बाजूला औषधांचं स्टूल, दुसऱ्या बाजूला कॉट. कॉटवर हेच झोपलेत, भिंतीकडे तोंड करून, खाली लघवीची पिशवी लटकतेय. हे गाडी अगदी हळू घेतात, वाटेत कुणी झोपलेलं असलं की घ्यावी तशी. कॉटजवळून जाताना मी हात बाहेर काढून चादर सारखी करते. इतकी सवय.

"राहू दे आता," हे म्हणतात.

"पाय उघडा पडलाय."

"त्याला कळत नाही. राहू दे."

खोली संपते आणि कोयनेचं पाणी दिसतं. हे गाडी कडेला लावतात. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता होते ती मला सोसत नाही.

"मी विकली हो गाडी," मी म्हणते. "तुम्ही होता तेव्हाच. शिरगुप्प्यांना."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कान शाबूत होते की माझे. तू म्हणायचीस सुरू केली, आणि मला नुसता शेडच्या पत्र्यावर साळुंक्या चालल्याचा आवाज यायचा."

सात महिने रोज मी खोटं बोलत होते आणि समोरचा माणूस ते रोज ऐकत होता.

"मग विचारत कशाला होता? मला बोलतं करायला?"

हे काचेतून नदीकडे बघतात. पूर्वीही अवघड बोलायचं असलं की असेच बघायचे.

"तू दिवसभर त्या खोलीत असायचीस," ते म्हणतात. "दुसऱ्या कशानेही उठायची नाहीस. गाडीचं म्हटलं की तेवढी दहा मिनिटं बाहेर जायचीस. म्हणून विचारायचो."

मी जायची, हे खरं. गाडी नसतानाही जायची. रिकाम्या शेडमध्ये, तेलाच्या काळ्या डागाशेजारी उलटी बादली ठेवून बसायची, कारण लगेच परत गेले असते तर त्यांना संशय आला असता. कधी रडायची, बहुतेकदा नुसती बसायची. दिवसातला तेवढाच वेळ कुणी मला हाक मारत नसे.

"तुम्ही गेल्यावर मी शिरगुप्प्यांना फोन केला," मी सांगते. "परत द्या म्हटलं. नाही म्हणाले. म्हणाले, वहिनी, ती आता आमच्या घरची झाली. लाल रंग दिलाय तिला."

"लाल?" हे हसतात. "शोभते का?"

"बघायला गेले नाही. धीर झाला नाही."

"मलाही वाईट वाटलं गं," हे म्हणतात. "नाही कशाला म्हणू. पहिले चार दिवस तुझा फार राग आला होता. तोंड फिरवून पडायचो, तू म्हणायचीस पाठ दुखतेय का."

हे ऐकून मला बरं वाटतं. नुसतं माफ केलं असतं तर ते माझे हे नव्हतेच.

"पाठीला तेल लावलं होतं मी त्या चार दिवसांत."

"दोनदा लावलंस."

आम्ही दोघं हसतो. मग ते डोळे चोळतात. "दमलो. आता तू घे."

"मला कुठे येते?"

पण मी आधीच स्टिअरिंगसमोर आहे आणि हे माझ्या जागेवर. नदी नाही; समोर कुंभार्लीचा घाट चढत गेलाय, रिकामा. कराडला आल्यापासून मला शिकवायचं म्हणत होते. मीच पुढे ढकलत राहिले, आधी मुलगा लहान म्हणून, नंतर माझं वय झालं म्हणून.

"डावा पाय क्लचवर. पूर्ण दाब. आता पहिला टाक."

स्टिअरिंगशेजारची गिअरची दांडी माझ्या हातात जड लागते. गाडी चढावर मागे सरकते. मी ओरडते.

"घाबरू नको. क्लच अर्धा सोड. सगळा नाही, अर्धा. तिथेच धर. तिला जरा ओढ लागू दे."

मी धरते. पाय थरथरतो. गाडीच्या अंगातून एक कंप येतो, ती जागीच थांबते, आणि मग पुढे निघते. वळण. पुन्हा चढ. पुन्हा अर्धा क्लच. एका वळणावर मी विचारते, "बरोबर आहे ना?" उत्तर येत नाही. बघते तर हे झोपलेत. मान काचेला टेकलेली, तोंड थोडं उघडं. कॉटवर कधी असे झोपले नाहीत. विचारायचं खूप आहे, कुठे असता, परत येणार का. पण मी उठवत नाही. दुसरा टाकते. पाय आता फार दुखतोय, तरी काढत नाही. वर धुकं आहे आणि रस्ता त्यात शिरतोय.

मी जागी होते ती किंचाळून. डाव्या पोटरीत गोळा आलाय, दगडासारखा. चवडा पुढे ताणलेला, मागे येतच नाही. पंखा बंद आहे, वीज गेलीय. दोन्ही हातांनी पोटरी दाबत मी कॉटवर बसून राहते. गोळा उतरायला बराच वेळ लागतो. उजव्या पायाला काही नाही.

पाच वाजता शेजारच्या इंगवलेबाई कैऱ्या घेऊन येतात. मी भिंतीला धरत, लंगडत दार उघडते.

"अगं बाई, पायाला काय झालं? एवढं कुठे चालून आलात?"

मी कैऱ्या हातात घेते. पोटरी अजून ठणकतेय.

"चालले नाही हो," मी म्हणते. "चालवली."