जुनी प्रत पुसू नये

गेल्या वर्षी बाबांच्या फुप्फुसात पाणी झालं म्हणून त्यांना मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. एका दुपारी त्यांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं आणि उशाशी वेगळा मॉनिटर आणून लावला. नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा, साधाच. सिस्टरने बटण दाबलं. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि बाबांच्या बोटावरच्या चिमट्यातून आकडा यायच्या आधी खाली एक पिवळी पट्टी उमटली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: प्लीज चेक पल्स बाय हँड.

सिस्टर तरुण होती आणि घाईत होती. तिने ते वाचलं, बाबांचं मनगट हातात घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. तोवर स्क्रीनवरही आकडा आला. दोन्ही जुळले, तिने बटण दाबून पट्टी घालवली. मला म्हणाली, परवा कंपनीचा माणूस अपडेट करून गेला, त्यानंतर पहिल्यांदा पेशंटला लावलं की हे असं विचारतं.

मी मान हलवली. ते वाक्य कुठे लिहिलं गेलं आणि त्यातल्या 'प्लीज'वरून किती वाद झाला होता, हे मला माहीत होतं. वाक्य माझ्या मैत्रिणीचं होतं. ती तेव्हा कॅनडात होती आणि आमचं बोलणं होऊन बरेच महिने लोटले होते.

आम्ही दोघी अंधेरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होतो. कंपनी हॉस्पिटलांसाठी मॉनिटर बनवायची. आमचं काम फर्मवेअरचं. म्हणजे बटण दाबल्यावर मशीन जागं होतं, आपले अवयव जागेवर आहेत का ते चाचपतं आणि मग कामाला लागतं, तो सगळा मामला. बाबा गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला एका गोदामावर सुपरवायझर होते. ते विचारायचे, "तू नेमक्या काय करतंस गो?" मी म्हणायची, मशीनला सकाळी उठवते. ते म्हणायचे, मग तुला कोण उठवायचं?

मैत्रीण मनोरीची कोळीण. मार्व्याला फेरीबोटीने यायची, तिथून बस, मग गाडी, आणि तरी माझ्याआधी टेबलावर हजर असायची. मी कांजूरहून एका बसने यायची आणि तिच्यापेक्षा जास्त कुरकुर करायची. तिचा डबा उघडला की शेजारचा शाकाहारी सहकारी खुर्ची उचलून निघून जायचा. "जा रे जा," ती म्हणायची, "आमच्यासाठी जास्त जागा." त्या डब्यातला सुका जवळा कांद्यात परतलेला असायचा. माझ्या घरी जवळा खोबरं घालून करायचे. कोणाचा चांगला यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

आमच्या टेबलावर उघडं पडलेलं एक मशीन असायचं, नुसती सर्किटची पाटी आणि वायरी. ते केबलने कम्प्युटरला जोडलेलं असे, आणि ते सुरू होताना काय काय करतंय ते काळ्या खिडकीत ओळीओळीने सरकत जायचं. मेमरी ठीक. घड्याळ ठीक. सेन्सर सापडला. मला त्या ओळी बघायला फार आवडायचं. आता सगळी यंत्रं गुपचूप सुरू होतात. माझा फोन, टीव्ही, ऑफिसचा लॅपटॉप, कोणी काही सांगत नाही. चिन्ह दिसतं आणि झालं. त्या ओळी वाचायला शेजारी कोणी असण्याची सवय मात्र मला लागून राहिली आहे.

तर झालं असं. आमच्या मशिनांना अपडेट द्यायची वेळ आली की धाकधूक असायची. नवा प्रोग्राम चिपवर उतरत असताना वीज गेली, तर मशीन अर्धंमुर्धं राहून कायमचं झोपायचं. कोकणातल्या एका तालुक्याच्या हॉस्पिटलात असंच झालं. ओळीने मॉनिटर बंद पडले. आम्ही दोघी एसटीने तिकडे गेलो आणि एकेक मशीन उघडून पुन्हा जिवंत केलं. परत येताना ठरवलं की चिपवर प्रोग्रामच्या दोन प्रती ठेवायच्या, जुनी आणि नवी. नवी फसली तर मशीनने आपोआप जुनीवर जायचं. यात नवलाचं काही नव्हतं, जगभर लोक तसं करत होते. आम्हीही केलं आणि खूश झालो.

पुढच्याच चाचणीत ती खुशी उतरली. नवी प्रत झकास सुरू झाली. काळ्या खिडकीत सगळं ठीक, ठीक, ठीक. 'मी चांगली आहे' असं स्वतःच ठरवून तिने जुनी प्रत पुसून टाकली. मग मैत्रिणीने बोट चिमट्यात घातलं आणि आकडा येईना. आमच्याच एका चुकीने नव्या प्रतीला नाडी वाचता येत नव्हती, आणि परतायला जुनी उरली नव्हती.

ती बोट चिमट्यात तसंच ठेवून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "सुरू झालं म्हणजे चाललं असं नाही ना गं."

तिथून सगळं निघालं. तिचं म्हणणं साधं होतं. नव्या प्रतीला उमेदवारीवर ठेवायचं. खऱ्या माणसाच्या बोटातून खरी नाडी तिने एकदा वाचून दाखवली, की मगच ती कायम. तोवर जुनी प्रत पुसायची नाही. आणि बोट आहे पण नाडी सापडत नाही असं झालं, तर मशीनने स्वतःला बंद करून जुन्या प्रतीवर उठायचं.

मला ते पटलं, पण घरी जाताना बसमध्ये एक शंका आली. माणूस मरत असेल तर? बोट आहे, नाडी नाही. मशीनला वाटेल आपणच बिघडलो, आणि नेमक्या त्या क्षणी ते बंद होऊन बसेल. दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. कित्येक दिवस आम्ही त्याच प्रश्नाभोवती फिरत होतो. टेबलावर, चहाच्या टपरीवर, स्टेशनपर्यंत चालताना. साहेबांनी सुचवलं, सोडून द्या, एवढं कोण बघतंय. साहेब वाईट नव्हते, त्यांना माल वेळेवर द्यायचा होता.

उत्तर तिलाच सुचलं, तेही फेरीबोटीत. मार्व्याला उतरताच तिने फोन केला. आजूबाजूला इतका कलकलाट की मला अर्धंच कळत होतं. तिचं म्हणणं असं की मशीनने पेशंटसमोर कधीच स्वतःला बंद करायचं नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा पेशंटला लावलं की माणसाला विचारायचं. सिस्टरने हाताने नाडी बघावी आणि बटण दाबून सांगावं. मशीनचा आकडा तिच्याशी जुळला तर नवी प्रत कायम. नाही जुळला तर सिस्टर दुसरं मशीन आणेल, आणि हे बाजूला गेल्यावर निवांत जुन्या प्रतीवर उठेल.

"म्हणजे मशीनला आपली लायकी माणसाकडून तपासून घ्यायला लावायची," मी म्हणाले.

"मग? आपण नाही का घेत?"

मग ते वाक्य लिहायची वेळ आली. साहेब म्हणाले, 'चेक पल्स' एवढं पुरे, मशीन कुठे प्लीज म्हणतं? तिने ऐकलं नाही. तिचं म्हणणं होतं, सिस्टर सकाळपासून उभी असते, तिच्यावर सगळे हुकूमच सोडतात, निदान आपण तरी नको. साहेबांनी हात टेकले.

त्यानंतर चाचण्या चालल्या तेव्हा नाडी लागायची ती आम्हा दोघींचीच. तिची संथ, माझी धावती. चिमट्यात बोट घालून ती डाव्या हाताने चहा प्यायची आणि मी आकडा वाचायची. त्या चिमट्याच्या लाल उजेडात तिचं बोट आतून पेटल्यासारखं दिसायचं. आजही कोणाच्या बोटाला तो चिमटा लागलेला दिसला की मला आधी तिचा हात आठवतो.

पुढे त्याचं पेटंट झालं. हक्क कंपनीचा, पण शोध लावणाऱ्यांत आमची दोघींची नावं. बाबांनी त्याची झेरॉक्स शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवली. तिच्या आईने बोरिवलीच्या बाजारात, जिथे ती मासे विकायला बसायची, तिथल्या सगळ्या बायकांना सांगितलं, की पोरीने मशीनला नाडी बघायला शिकवलं. तिने आईला समजवायचा प्रयत्न केला की तसं नाही, आणि मग सोडून दिला.

थोड्याच काळात एका मोठ्या कंपनीने आमची कंपनी विकत घेतली आणि काम दक्षिणेत हलवलं. मी आईबाबांना सोडून जाणार नव्हते. तिचं लग्न ठरलं होतं, नवरा कॅनडात. शेवटच्या दिवशी आम्ही टेबल आवरलं आणि सरळ घरी न जाता आरे कॉलनीत गेलो. जंगलातल्या रस्त्याने बस जात होती, ती मध्येच उतरायचं म्हणाली. स्टॉलवर आम्ही थंड दूध प्यायलो. मला बरंच काही बोलायचं होतं. ती तबेल्यांकडे बघत होती. म्हणाली, "तिकडे गेल्यावर कोण वाद घालणार गं माझ्याशी?" मी म्हणाले, नवरा आहे ना. ती हसली. "तो सगळ्याला हो म्हणतो."

सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मग आठवड्याने. मग तिला मूल झालं, माझी आई गेली, वेळा जुळेनात. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं पातळ होत गेलं. मी दुसऱ्या नोकरीत लागले. तिथेही फर्मवेअरच, पण माझी टीम चार शहरांत विखुरलेली आहे आणि शेजारच्या खुर्चीत रोज वेगळं कोणीतरी बसतं.

बाबा बरे होऊन घरी आले. नंतरच्या रविवारी संध्याकाळी मी तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिने आधी बाबांचं विचारलं, सगळं नीट, औषधांच्या नावांसकट. मग मी मॉनिटरचं सांगितलं. चिन्ह बदललंय, रंग बदललाय, पट्टी तीच आहे.

"प्लीज आहे?"

"आहे."

मागे तिची मुलगी इंग्रजीत काहीतरी मागत होती. तिला थांबवून मैत्रीण म्हणाली, "मी आता नुसत्या मीटिंगा करते गं. मशीन हातात घेऊन वर्षं झाली." मी विचारलं, येतेस कधी? म्हणाली, बघते. आणि मग एकदम म्हणाली, "आईला भेटून येशील? ती फोनवर सगळं बरंच आहे सांगते."

मी पुढच्याच सुट्टीला मनोरीला गेले. तिची आई ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि मला ओळखल्यासारखं नाही, तर मुलीचं काहीतरी हाती लागल्यासारखं बघितलं. गुडघे दुखतात म्हणून ती आता बाजारात रोज जात नाही. लेक दर वर्षी डिसेंबरात येते म्हणते आणि राहून जातं, असं तिने सांगितलं. तक्रार नव्हती त्यात. मी जेवले. घरात मैत्रिणीच्या खोलीत आता जाळी ठेवलेली होती. मी दारातूनच बघितलं आणि परत येऊन बसले.

निघताना आईने सुक्या जवळ्याच्या दोन पिशव्या दिल्या. एक माझी. दुसरी लेकीची, ती येईल तेव्हा नेईल म्हणून. विमानतळावर काढून घेतात, मी म्हणाले. "मग तुझ्याकडंच येऊन खाईल," ती म्हणाली, "तुझा फ्रीज मोठा आहे ना?"

आमची पिशवी केव्हाच संपली. मैत्रिणीची फ्रीजरमध्ये आहे. बाबा अधूनमधून दार उघडून विचारतात, त्यातला थोडा घेऊ या का. मी नको म्हणते.