डाव्या पायातली चावी

शहागंजच्या टपाल कचेरीबाहेर, लिंबाखाली गयास मुन्शी सतरंजी टाकून बसायचे. उर्दूवर त्यांचा हात बसलेला. इंग्रजी मात्र छावणीतल्या घड्याळजीकडं दहा वर्षं नोकरी करताना हमीच्या चिठ्ठ्यांवरनं उचललेली. तेवढ्या पुंजीवर ते लोकांच्या तारा वाचून दाखवत.

लढाईच्या चौथ्या वर्षी चिकलठाण्याच्या वच्छलाबाई पलटणीचं पत्र घेऊन आल्या. त्यांचा बन्सी सरहद्दीवर होता. सात महिने त्याची काही खबर नव्हती.

"वाचा, मुन्शीजी."

चारच ओळी होत्या. गयास पहिल्याच ओळीत अडले. शब्द तर ओळखीचा, 'वाउंड'. घड्याळाला चावी दिली की ते वाउंड. पण इथं ते बन्सीच्या डाव्या पायात होतं. पायात चावी? पुढं 'इन्व्हॅलिड'. घड्याळ परस्पर उघडलं तर हमी इन्व्हॅलिड, म्हणजे रद्द.

"काय लिव्हलंय?"

"बन्सी... रद्द झाला म्हणतात."

बाई कागदावर वाकल्या. "माणूस रद्द व्हतो व्हय? गेला म्हना की सरळ!"

"गेला असं नाय लिहिलं, बाई. खुदा की कसम, मलाच समजंना."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. बाई त्यांच्या बोटाकडं बघत होत्या.

"तुमच्या उर्दूत बी असं अडतं का?" त्यांनी विचारलं.

नाय म्हणता म्हणता गयास थांबले. उर्दूत 'इस' आणि 'उस' एकसारखेच लिहितात. वर-खाली स्वरांच्या खुणा करत कोण बसतं? "तिथं ओळखता येतं," ते म्हणाले. "आगेपीछेच्या लफ्जांवरनं."

"मग हितं आगंमागं काय हाय?"

गयासांनी बोट सरकवलं. "इस्पितळ... पाय... पंधरा तारखेला घरी पाठवतो."

"रद्द केल्यालं कुनी घरी धाडतं का? पाय दुखावला आसंल त्याचा!"

तरी दोघं छावणीतल्या दवाखान्यात गेले. नर्स एस्तेरबाईंनी पत्र वाचलं. "हे 'वूंड', म्हणजे जखम. आणि हे 'इन्व्हलीड', म्हणजे अधू माणूस. जिवंत आहे तुमचा मुलगा."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पण हिज्जे तर तेच!" गयास म्हणाले.

"तेच. आवाज वेगळा, अर्थ वेगळा."

"कागदावर आवाज दिसतो कुठं?"

"वही घेऊन या, दाखवते," एस्तेरबाई म्हणाल्या.

बन्सी कुबडी घेऊन आला, आणि महिन्याभरात बांधावर बसून गड्यांना हाका मारू लागला. गयास मात्र दर जुम्म्याला नमाजनंतर एस्तेरबाईंकडं वही घेऊन जाऊ लागले. 'लीड' म्हणजे पुढं नेणं, तोच शब्द 'लेड' वाचला की शिसं. जितकं शिकावं तितका गोंधळ वाढे. आता ते आधी पुरं पत्र मनात वाचत, मगच तोंड उघडत. मुन्शी म्हातारे झाले, लोक म्हणायचे. म्हणोत बापडे.