तानुबाईचं अर्धं छप्पर

स्पष्टच सांगायचं तर तानुबाई भित्री होती. तिच्या भित्रेपणावर चिंबळी फाट्यावरची माणसं पोटभर हसली. पण हसणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगावर घर आलेलं नव्हतं. तिच्या आलं होतं. तेव्हा आधी ते ऐकावं आणि मग खुशाल हसावं.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार. भोसरीच्या माळावर कारखाने येणार म्हणून जागा ताब्यात घ्यायला सुरुवात झाली होती. तानुबाई नुकतीच लग्न होऊन आलेली. सासरा कोंडीराम हट्टाचा पुतळा. चावडीवर नोटीस लागली, दवंडी पिटली, शेजाऱ्यांनी दारं-खिडक्या काढून गाड्यांत भरल्या. हा आपला ओट्यावर बसून तंबाखू मळतोय. कुणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सरकार कागद घालतं, येत न्हाई कदी."

एका सकाळी आलं, तेही यंत्र घेऊन. तानुबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. घरघर तिनं ऐकली, पण ट्रक असेल म्हणून भाकरी तव्यात टाकली. मग मागची भिंत हलली. उतरंडीतली मडकी आपापल्या मनानं उड्या माराव्यात तशी खाली आली. बाहेरून कुणीतरी बोंबललं, "आरं, आत बाई हाय!" यंत्र थांबलं, भिंत काही थांबली नाही. तानुबाई तवा घेऊन बाहेर पळाली. तापलेला तवा पदरानं धरलेला आणि वर एका अंगानं कच्ची भाकरी. तळहातावरचा डाग जन्माचा राहिला. कोंडीरामानं हौसेनं मावळातून आणलेली सागवानी तुळई डोळ्यांदेखत काडीसारखी मोडली. धड हाती लागली ती फक्त दाराची चौकट. कोंडीराम त्यानंतर फार बोलला नाही आणि फार जगलाही नाही.

तिचा नवरा भिवा पुढं पिंपरीच्या एका कंपनीत चिकटला आणि पै-पै जोडून त्यानं इंद्रायणीपल्याड, चिंबळी फाट्यावर, नाशिक रस्त्याला लागून चार खणांचं घर बांधलं. एसटी दारातच थांबते, शिफ्टला बरं पडेल, एवढाच त्याचा हिशोब. भिंती दगडमातीच्या, वर मंगलोरी कौलं, दाराला भोसरीचीच चौकट. पण घरात उभं राहिलं की वाटावं, ही माणसं कालच आली आहेत आणि उद्या निघणार आहेत. तानुबाईनं भिंतीत एक खिळा म्हणून ठोकू दिला नाही. बुद्धाची तसबीर लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत. वैशाख पौर्णिमेला बाहेर निघायची, मेणबत्ती लागायची, आणि दिवस मावळायच्या आत परत ट्रंकेत. भांडी झोपायच्या आधी पाटीत भरलेली. रस्त्यावर एखाद्या ट्रकनं करकचून ब्रेक दाबला की तिचा हात आपोआप तव्याकडे जायचा आणि भाकरी होती तशी खाली उतरायची.

"आमच्यात भाकरी एकाच अंगानं भाजायची रीत हाय," भिवा पाहुण्यांना सांगायचा. तानुबाईला ते लागायचं. पण हात काही ऐकायचा नाही.

अठ्ठ्याहत्तर साली रस्त्यावर लाल-पांढऱ्या काठ्या आल्या. काठ्यांमागून साखळी, साखळीमागून मोजणीदार यशवंतराव, डोक्याला रुमाल बांधलेला कोरडा माणूस. रस्ता रुंद व्हायचा होता. फक्कीची पांढरी रेघ तानुबाईच्या परड्यातून निघाली, मागच्या दारापुढून गेली आणि अख्खं घर रस्त्यात घालून निघून गेली. त्याच्या माणसानं भिंतीवर डांबरानं आकडा काढला. ओल्या डांबराचा वास घरात शिरला तशी तानुबाई भांडी पाटीत भरायला लागली.

"घरांची मोजणी उद्या," यशवंतराव म्हणाला आणि पुढच्या घराला गेला.

आता, सरळ डोक्याच्या बाईनं विचारलं असतं, मोजणी म्हणजे काय, पाडणार कधी? पाडायला पुढं कित्येक वर्षं लागणार होती. तानुबाईनं काहीही विचारलं नाही. तिला इतकंच कळत होतं की घर उभं ठेवलं की सगळं जातं. भिवा डबल ड्युटीवर, भोसरीला मित्राच्या खोलीवर मुक्कामाला. तिनं चऱ्होलीहून धाकट्या भावाला, साहेबरावला बैलगाडीसकट बोलावून घेतलं.

"आक्का, दाजींस्नी तरी इच्यारू," साहेबराव म्हणाला.

"इच्यारंस्तवर तुळई मोडंल. तू चढतोस का मी चढू?"

ती स्वतः चढली. त्या बाईला शिडीची भीती नव्हती, हे एक नवलच. दिवस कलेपर्यंत दोन खण उघडे पडले. वासे, रिपा, एक तुळई असा सगळा माल गाडीत भरून साहेबराव चऱ्होलीला गेलासुद्धा. कौलं परड्यात रांगेनं मांडून ठेवली होती.

हनीफ समोरच्या बाजूला पत्र्याच्या टपरीत पंक्चर काढायचा. तो चाकणहून टायर घेऊन परतला, एसटीतून उतरला आणि जागीच थबकला.

"मावशी, कौलं वाळत घातली व्हय?"

"हस बाबा. तुज्या बाजूनं रेघ न्हाई गेली."

हनीफचं हसू तेवढ्यात मावळलं. त्याच्या मामाचं घर चिंचवडला मुंबई रस्त्यात गेलं होतं. त्याला या गोष्टी ठाऊक होत्या. "मावशी, ह्ये काय करून बसलात? उद्या घर उभं दिसलं तरच घराचे पैसे हायेत. पडीक दिसलं तर मोकळी जागा म्हनून लिहितील. मोजून झाल्यावर तुमचं लाकूड तुमालाच काढून न्यायला सांगत्यात!"

तानुबाईनं चऱ्होलीच्या वाटेकडं पाहिलं. ज्या भीतीनं घर वाचवायला धावली, तिनंच घर बुडवलं होतं. लाकूड चऱ्होलीला पोचलं असणार. रात्रीतून परत येणं शक्य नव्हतं.

"आता ऐका," हनीफ म्हणाला. "दोन खण तरी झाकलेले हायेत. उद्या सकाळी चूल पेटवून बसायचं. चूल पेटलेली दिसली तर राहतं घर. काय बी होऊ द्या, चुलीपुढनं उठायचं न्हाई. तुम्ही भाईर पळालात, की घर सोडलं म्हनून लिहून मोकळे."

म्हणजे तिला नेमकं तेच करायचं होतं, जे तिच्यानं उभ्या जन्मात होणार नव्हतं. बाहेर माणसं घराला हात लावताहेत आणि आपण आत बसायचं.

सकाळी चूल पेटली. धूर झाकल्या खणातून फिरून उघड्या खणातून सरळ आभाळात जात होता. यशवंतराव दोन पंच घेऊन आला, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हे राहतं घर आहे का मोडीत काढलंय?"

दारात उभा राहिलेला हनीफ म्हणाला, "साहेब, धूर दिसत न्हाई व्हय?"

"धूर मलाही दिसतो. छप्पर दिसत नाही, त्याचं काय?"

"काल होतं, साहेब."

"काल काय होतं ते सांगायला मी कीर्तनकार नाही. आज दिसतंय ते लिहीन." आणि मग आत वाकून, जरा हळू, "बाई, राहता ना इथं?"

 तानुबाईनं मान डोलावली. पीठ मळलेलं होतं. ती थापायला लागली. भाकरी गोल व्हायची ती पानासारखी लांबोडी झाली. बाहेर साखळी भिंतीला घासत गेली. तिनं भाकरी तव्यात टाकली. तेवढ्यात यशवंतरावाच्या माणसानं भिंत दगडाची की मातीची ते बघायला हातोडा हाणला.

ढप्प. आतून माती भुरभुरली. पाटीतली भांडी वाजली.

तानुबाई उठली. तवा तिच्या हातात होता. पदर कधी घेतला, कधी धरला, तिचं तिला कळलं नाही. दोन पावलांत ती चौकटीपाशी. बाहेरचं ऊन, पंचांचे जोडे, रस्त्यावरून जाणारी एसटी, सगळं दिसायला लागलं. आणि मध्ये हनीफ.

"मावशी, बसा."

"भिंत आली रं..."

"न्हाई येत. नुसता ठोकून बघतोय. बसा म्हन्तो ना!"

दुसरा ठोका पडला.  पण ती मागे फिरली, सरकत सरकत चुलीपाशी गेली, आणि तवा चुलीवर ठेवून डोळे मिटून बसली. कपाळावरचा घाम पिठात पडत होता. भाकरीचा कोळसा झाला तरी ती उठली नाही.

यशवंतरावानं लिहिलं: दोन खण राहतं घर, दोन खण मोकळी जागा.

भिवा परतला तेव्हा सगळा फाटा त्याला सांगायला धावला.  त्यानं छपरातल्या अर्ध्या आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "लाकूड आणू परत. झाकून घेऊ."

"न्हाई!" तानुबाई किंचाळलीच. "मोकळं लिवलंय त्यांनी. आता छप्पर दिसलं तर खोटं म्हंतील. हायेत ते पैसं बी कापतील."

हनीफनं समजावलं, साहेबरावानं समजावलं, पंचांपैकी एकानं येऊन सांगितलं की बाई, लिहिलेलं आता बदलत नाही, खुशाल झाका. छे! तिनं ऐकलं नाही ते नाहीच. सरकारी माणूस एसटीच्या खिडकीतून रोज बघतो, अशी तिची खात्री होती. म्हणून रस्त्याचं काम रखडलं ती सगळी वर्षं नवरा-बायकोनं अर्ध्या छपराखाली काढली. पावसाळ्यात दोन खणांत पाणी भरायचं, बाकीच्या दोनांत ही दोघं अंग चोरून. तानुबाई मधे चिखलाचा बांध घालायची. उघड्या खणात पुढं आपोआप दोडक्याचा वेल उगवला, भिंतीवर चढला. हनीफ विचारायचा, "मावशी, सरकारी जागेतला दोडका हाय, मला द्याल का साहेबाची परवानगी लागंल?" तेव्हा कुठं ती हसायची, तेही रस्त्याकडे एकदा बघून.

ब्याऐंशीत पैसे मिळाले. अर्ध्या घराच्या पैशांत नवं घरही अर्धंच झालं. गावाच्या आतल्या अंगाला दोन खण उभे राहिले. मग पाडायची तारीख कळली. या वेळी सगळ्यांनी हक्कानं आपापलं लाकूड काढलं. फाट्यावर नुसती ठोकाठोक चालली होती, आणि जी सगळ्यांत आधी शिडी चढली होती, ती तानुबाई कशाला हात लावायला तयार नव्हती. कधी काढायचं आणि कधी नाही हे आपल्याला कळतं, यावरचा तिचा विश्वासच उडाला होता.

ती चुलीपुढं बसून राहिली. भिवा आणि हनीफनं तिच्या डोक्यावरची कौलं उतरवली, वासे काढले, तुळई दोरानं खाली सोडली. ऊन तिच्या पाठीवर आलं. रस्त्यावर यंत्र येऊन उभं राहिलं होतं. चालवणारा विडी ओढत होता. यंत्राच्या नुसत्या गुरगुरण्यानं पाटीतली भांडी किणकिणत होती.

शेवटी चौकट निघाली. भिवा त्या भगदाडात उभा राहिला. "चल आता."

"थांबा."

"अगं, त्यो खोळंबलाय."

"भाकरीची दुसरी बाजू व्हायचीय."

भिवानं यंत्रवाल्याकडे पाहिलं. यंत्रवाल्यानं खांदे उडवले आणि दुसरी विडी काढली. भाकरी उलटताना तानुबाईच्या हातून कड फाटली. तिनं ती तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं टेकवली. भाकरी हळूहळू फुगली. मग तिनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, भाकरी पदरात घेतली आणि बाहेर आली.

रस्त्याच्या पलीकडे, हनीफच्या टपरीपाशी, भिवानं भाकरीचा तुकडा मोडला, उलटसुलट करून पाहिला.

"भाजली की गं."

तिला ते ऐकूच गेलं नाही. यंत्र पुढं सरकलं होतं. तिनं डोळे मिटले नाहीत, पण भिवाच्या सदऱ्याची बाही मुठीत इतकी घट्ट धरली होती की दोडक्याच्या वेलासकट भिंत खाली बसली, तेव्हा खांद्यावरची शिवण टर्रकन उसवली.