कुट्टीच्या तोंडावरचं झाकण

आमच्या अण्णांना देवाची भीती होती, यंत्राची नव्हती. माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो आणि तो अजून ओसरलेला नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. तीन पिढ्या बेंगळुरात काढल्यावर आमच्या मराठीत बाबा कुणी उरलेच नव्हते. मारतहळ्ळीच्या पलीकडे आमचं शेत, शेतातच घर, गोठ्यात गाई, आणि गोठ्याच्या भिंतीला लागून वैरण कापायचं विजेचं यंत्र. त्याला आम्ही नुसतं कुट्टी म्हणायचो.

राक्षसीणच होती ती मेली. एका बाजूनं मक्याची ताटं सारायची, आतले दोन दातेरी रूळ ती ओढून घ्यायचे आणि पलीकडं पाती लावलेलं जड लोखंडी चाक गरगरत त्यांचे तुकडे करायचं. शेजारच्या शेतावर एका माणसाचा पंजा असल्याच यंत्रात गेला, तेव्हा आईनं हट्ट धरून आमच्या कुट्टीच्या तोंडावर पत्र्याचं झाकण बसवून घेतलं. वैरण आत जाईल, पण हात रुळांपर्यंत पोचणार नाही, असं. "एक वेळ जेवायला विसरा, झाकण विसरू नका," असं ती आम्हाला उठता-बसता बजावायची.

त्यानंतरची पहिली आयुधपूजा आली आणि अण्णा पाना घेऊन बसले. त्या दिवशी नांगरापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. "देवीच्या तोंडावर पत्रा ठोकून पूजा करायची होय?" म्हणत त्यांनी झाकण उतरवलं, पात्यांना कुंकू लावलं, रुळांच्या वरच्या दांडीला शेवंतीचा जाडजूड हार बांधला. कुंकू भरलेला कोहळा आपटला, त्याच्या लालभडक फोडी अंगणभर उडाल्या. यंत्राला त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाईंनी हंबरून घर डोक्यावर घेतलं होतं. झाकण बसवायला गेलं की हार आडवा येत होता, आणि पूजेचा हार आपोआप सुकून गळेपर्यंत काढायचा नाही, हा अण्णांचा नेम.

"अहो, हार काढा आणि आधी झाकण बसवा," आई म्हणाली.

"दसऱ्याला देवीच्या गळ्यातला हार ओढू? काय बोलतेस! स्वल्प जपून करायचं, झालं."

"मग राहू द्या. मी कोयत्यानं कापते." आई तणतणत कोयता आणायला घरात गेली. तिची पाठ वळताच अण्णांनी बटण दाबलं आणि अक्काला म्हणाले, "हं, घाल वैरण."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पार चामराजपेटेतून बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडे कापड पाठवायच्या. स्वतःच्या पायावर उभी राहणार होती ती, त्या हातांच्या जोरावर. मी पलीकडच्या बाजूला कापलेली वैरण पाटीत भरत होते. हाराचं एक टोक ताटांबरोबर रुळांत ओढलं गेलं. देवाचा हार कापला जाणं म्हणजे केवढा अपशकुन! अण्णा ओरडले, "अय्यो, हार! हार सोडव!" आणि अक्कानं हात घातला.

तिची किंकाळी आली त्याच क्षणी माझ्या पाटीतली वैरण लाल झाली. मी धावत जाऊन बटण बंद केलं, पण ते जड चाक थांबतंय कशाला! मी फावड्याचा दांडा आरांत खुपसला. दांडा फाडकन मोडला, तुकडा माझ्या हनुवटीवर बसला, चाक करकरत थांबलं. अण्णा नुसते "देवी, देवी" करत उभे. आई कोयता टाकून आली, दोन्ही हातांनी चाक धरून तिनं उलटं फिरवलं, तेव्हा कुठे अक्काचा हात बाहेर आला. त्याला हात तरी कसं म्हणू?

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी उरली. शिवणाऱ्या मुलीचा उजवा हात!

दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णा म्हणाले, "शिर सलामत तर पगडी पचास. देवीनं बोटांवर भागवलं म्हणायचं." आईनं त्यांच्या अशी कानफटात मारली की चष्मा लांब जाऊन पडला. "देवीनं नाही, तू खाल्लीस तिची बोटं! तू!" जन्मभर अहो-जाहो करणारी माझी आई. सगळे बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

अक्काला घरी आणलं त्या दिवशी आईनं झाकण उचलून अण्णांच्या पायाशी आदळलं. "बसव." हाराचा काळा पडलेला चोथा अण्णांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढला. मग एकेक बोल्ट पिळून झाकण बसवलं. आईनं बटण दाबलं. कुट्टी घरघरायला लागली.

"आता घाल हात," आई म्हणाली.

अण्णांनी खरंच हात घातला. पत्रा मनगटाशी अडला. त्यांनी जोर केला, कातडं सोललं, रक्त आलं, तरी ते खांदा लावून रेटतच राहिले. हात आत जावा असंच त्यांना वाटत होतं. तो जाईना.

"जात नाही गं," अण्णा लहान मुलासारखे रडायला लागले. "हात जातच नाही."

"नाहीच जात," आई म्हणाली. "तेवढ्यासाठीच बसवलं होतं."