सातआकडी आणि फायलीत नसलेला अर्ज

प्रयोगशाळेच्या यंत्रांना कोड द्यायचं काम आमच्या खात्यात एकच माणूस करायचा. कोड सात आकड्यांचा, म्हणून आम्ही त्याला सातआकडी म्हणायचो. पहिले दोन आकडे नमुन्याचे, रक्त की लघवी की थुंकी. पुढचे चार यंत्र कसं चालतं त्याचे. शेवटचा धोक्याचा. "यंत्राचं नाव नंतर सांगा," तो म्हणायचा. "ते चुकलं तर मरतं कोण, ते आधी सांगा."

आधी तो प्रयोगशाळेतच होता. ॲसिड उडून एक डोळा गेला, तेव्हा त्याला कागदांवर बसवलं. पंधरा वर्षांत त्याने चार हजार यंत्रं कोड देऊन यादीत लावली. नव्या यंत्रांना कोड मागणारे माझे अर्ज तो हटकून परत पाठवायचा. एकदा तर सगळ्यांदेखत म्हणाला, "रक्तातल्या पेशी मोजणं वेगळं आणि साखर मोजणं वेगळं. शाळेत गेला होतात ना?" सगळे खो खो हसले. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं.

मी घरच्या ज्यूसरचा फोटो काढला. कंपनीचं नाव पट्टीने झाकलं आणि अर्जावर लिहिलं, 'अर्धस्वयंचलित द्रव-विलगक'. खाली माझी सही. तो तीनदा माझ्या टेबलाशी आला. "माहितीपत्रक मिळेल का हो? हे नेमकं कशात बसतं तेच कळत नाहीये." मी रात्रभर जागून माहितीपत्रकही बनवलं. अकराव्या दिवशी त्याने कोड दिला. धोक्याच्या जागी एक, म्हणजे चुकलं तरी कुणी मरत नाही.

शुक्रवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्याला तोंडघशी पाडायचं माझ्या मनात होतं. पण संचालकांनी गुरुवारीच नव्या यंत्रांची यादी फोटोंसकट सभेत मांडायचं ठरवलं. दुपारी तीनला सभा. त्याआधी सांगून टाकता आलं असतं. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कपाटातली फाईल काढली आणि माझा अर्ज माहितीपत्रकासकट फाडून टाकला.

पडद्यावर फोटो आला तशी पुढच्या रांगेतली एक डॉक्टर उभी राहिली. "अहो, हा तर ज्यूसर आहे!"

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. संचालकांचा चेहरा लाल झाला. "हे कुठून आणलंत?"

"अर्ज आहे, साहेब. फाईलला लावलाय." त्याने फाईल चाळली. पुन्हा चाळली. मग त्याचा चांगला डोळा माझ्याकडे वळला. "तुम्हीच दिला होतात ना?"

"मी? मी कशाला देऊ?"

महिन्याभरात त्याची बदली भंगाराच्या शेडमध्ये झाली. मोडक्या यंत्रांना चिठ्ठ्या बांधायचं काम. त्याची यादी आणि खुर्ची माझ्याकडे आली.

एक दिवस त्याची बायको डबा द्यायला आली आणि मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, खरं सांगा. हे सारखं म्हणतात, अर्ज होता, अर्ज होता. झोपेतसुद्धा तेच. यांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का?"

"जरा विसरायला लागलेत, वहिनी," मी म्हणालो. "डॉक्टरला दाखवून घ्या."

तिने दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्याचे हात थरथरायला लागले, चिठ्ठीची गाठसुद्धा बसेना. त्याने मुदतीआधी निवृत्ती मागितली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आला आणि जवळजवळ कुजबुजत बोलला.

"एकच विचारतो. मी कुणाला सांगणार नाही, तक्रार करणार नाही. तुम्ही अर्ज दिला होता का? मला फक्त माझं डोकं ठिकाणावर आहे का ते कळायला हवंय."

त्याच्या मागे दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघंच. हो म्हणायला काही लागणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "अर्ज नव्हताच कधी."

त्याने मान हलवली. "मग बरोबर आहे," म्हणाला. "डॉक्टर म्हणतात तेच." आणि त्याने चक्क माझे आभार मानले.

आता त्याची बायको दाराला बाहेरून कुलूप लावून बाजारात जाते. चौकशीला गेलो होतो तेव्हा तिनेच सांगितलं. तो आत बसून होता. मला पाहून उठला आणि मी खुर्चीत बसेपर्यंत उभाच राहिला.