आमच्या सेंटर फॉरवर्डचं अपहरण

आयुष्यात मी एकदाच माणूस पळवला. चेन्नईत, भर दुपारी. आणि तो माणूस माझ्याच स्कूटरवर मागे बसून मला जवळचा रस्ता सांगत होता.

पळवापळवी हा माझा स्वभाव नाही हो! मी बँकेतला माणूस. नुंगंबाक्कमच्या शाखेत काउंटरच्या आत बसायचं, ‘नाळै वांगो’ म्हणजे उद्या या, हे अस्खलित तमिळमध्ये सांगायचं आणि पाच वाजता घरी जायचं. पण मूळचा मी कोल्हापूरचा, आणि फुटबॉल आमच्या रक्तातच. बदली होऊन चेन्नईला आलो तर इथे जो तो क्रिकेटवाला. टीव्हीवर युरोपातले सामने लागायचे, म्हणून तिकडच्या एका संघाच्या नादी लागलो, आणि दर उन्हाळ्यात त्यांचा कुठला स्टार कुठे निघाला याच्या बातम्या वाचून जेवण टाकायला लागलो. पण त्यांच्यासाठी मी इथून करणार काय? देव पाण्यात बुडवून ठेवावेत, तर त्या वर्षी चेन्नईत पाण्याचीच बोंब होती.

मग एका रविवारी इथल्या लीगचा सामना बघायला गेलो आणि मला ‘निळे’ सापडले. निळ्या शर्टांचा, गरीब, कायम तळाला रेंगाळणारा क्लब. प्रेक्षकांपेक्षा सुंडल, म्हणजे उकडलेले चणे, विकणारे जास्त. पण त्यांच्याकडे सेल्वम होता! काय पोरगा, काय डावा पाय! डाव्या पायाने त्याने चेंडू असा अलगद घेतला, की मी शेजारच्या अनोळखी माणसाला कडकडून मिठी मारली. (तो अनोळखी माणूस म्हणजे मूर्ती. नंतर कळलं, आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत आहे आणि अफवा गोळा करणं हा त्याचा मुख्य व्यवसाय आहे.)

सेल्वमला फुटबॉलमध्ये चहापाण्यापुरते पैसे मिळत. पोटासाठी तो टी. नगरात एका दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवायचा. माझी बायको मालिनी चेन्नईचीच, अड्यारच्या तंजावरी मराठी घरातली. मी तिला दर महिन्याला स्वतःहून साडी घ्यायला नेतो, याचं तिच्या मैत्रिणींना फार कौतुक. ती पदर बघायची, मी सेल्वमचा गुडघा कसा आहे ते विचारायचो.

तर तो मे महिना. ऊन असलं, की कावळासुद्धा उडायचा विचार सोडून द्यायचा. जूनच्या मध्याला नव्या मोसमासाठी खेळाडूंची नोंदणी, आणि त्याआधी अफवांचा सुकाळ. एके दिवशी मूर्तीचा फोन आला.

“ऐकलंस? सेल्वम हिरव्यांकडे चाललाय!”

हिरवे म्हणजे एका सरकारी खात्याचा संघ. (खात्याचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल.) पैसा भरपूर, मैदान स्वतःचं, बूट स्वतःचे.

“कोण म्हणालं?”

“सगळे म्हणतात!”

संपलं! या अफवांबद्दल माझी मतं पक्की आहेत. खेळाडू ‘मी इथे खूश आहे’ म्हणाला, की समजावं बॅग भरून झाली. काहीच बोलला नाही, तर समजावं सही झाली. आणि क्लबचा सेक्रेटरी ‘तो कुठेही जाणार नाही’ म्हणाला, की सरळ स्टेशनवर निरोप द्यायला जावं. स्टार गेला की स्टारला नवा क्लब मिळतो, क्लबला नवा स्टार मिळतो. बघणाऱ्याला काय मिळतं? अॅसिडिटी! शिवाय आमच्या निळ्यांना नवा स्टार कोण देतोय? सेल्वम गेला तर संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, हे मला तळहातावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

मी तडक टी. नगर गाठलं. सेल्वम एका मावशींना मोरपंखी साडी दाखवत होता. मी त्याला खांबाआड ओढला.

“हिरव्यांनी विचारलं का तुला?”

“नाही सार. कुणीच नाही.”

“खरं सांग!”

“शपथ सार. मी इथे खूश आहे.”

बॅग भरून झाली! घरी आलो ते हातात मोरपंखी साडी घेऊन.

रात्रभर तळमळलो आणि सकाळी मला आमची पेठ आठवली. आमच्याकडे मोसम तोंडावर आला, की तालमीतले (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच) कार्यकर्ते चांगल्या खेळाडूला गुपचूप कुणाच्या तरी मळ्यावर नेऊन ठेवायचे. दुसऱ्या पेठेने फितवायला नको! तिथे त्याला तांबडा-पांढरा रस्सा, दूध, म्हशीचं तूप. नोंदणीच्या सकाळी जीपमधून आणायचं, सही घ्यायची, गुलाल! फक्कड पद्धत! आता चेन्नईत माझ्याकडे मळा नव्हता, जीप नव्हती, कार्यकर्तेही नव्हते. पण अड्यारला सासुरवाडी होती की!

सेल्वमला मी ‘हिरव्यांची माणसं तुला उचलून नेणार आहेत’ असं सांगितलं. तो घाबरला नाही. “जेवायला देतील का सार?” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, त्यापेक्षा आमच्याकडे चल, माझी सासू देईल. दुकानात त्याने गावी जातो म्हणून रजा टाकली, मी त्याच्या डोक्यावर माझं हेल्मेट चढवलं आणि निघालो. नंदनमच्या सिग्नलला एक हिरवा शर्टवाला दिसला तेव्हा मी एवढा दचकलो की स्कूटर बंद पडली. (तो बिस्किटांच्या कंपनीचा विक्रेता होता.) कोट्टूरपुरमच्या पुलापर्यंत तर मीच रस्ता चुकलो. शेवटी मागून आवाज आला, “सार, डावीकडून चला, जवळ पडतं.”

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांचं मराठी ऐकलं, की वाटतं एखादे सरदार दरबारात बोलताहेत आणि मधेच त्यांना फिल्टर कॉफीची आठवण झालीय. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नाही. अशा माणसाला खरं सांगून काय उपयोग? मी ठोकून दिलं, “अप्पा, हा माझ्या मित्राचा भाऊ. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसतोय. याला बाहेर अजिबात सोडू नका, अभ्यास बुडेल.”

अप्पांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच पळून यायला हवं होतं.

“परीक्षा? बरें झालें, जावईबापू! योग्य ठिकाणी आणलांत!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळूच फोन केला.

“अप्पा, पाहुणा कुठंय?”

“पहाटे चारला उठविला. कॉफी दिली. आतां काळ-काम-वेग चालू आहे.”

“अहो, त्याला जरा झोपू द्या! त्याच्या पायांना विश्रांती...”

“परीक्षा काय पायांनी देतात कां हो?”

मी रोज फोन करायला लागलो. मालिनी भारावून गेली. “माझ्या आईअप्पांची तुम्हाला एवढी काळजी? मला माहीतच नव्हतं ना!” तिच्या डोळ्यांत पाणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिकडे मूर्ती दर तासाला एसेमेस पाठवत होता: ‘सेल्वम दुकानातून गायब!’ ‘गावीही नाही!’ ‘हिरव्यांनीच उचलला, आता पक्कं!’ आमच्या क्लबच्या सेक्रेटरीने म्हणे अंथरूण धरलं. तो माझ्याकडे सुरक्षित आहे हे ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ओरडलो तर हिरवे ऐकणार! गपगुमान बँकेत बसून मी लोकांना ‘नाळै वांगो’ म्हणत राहिलो.

सासूबाई मात्र खूश होत्या. “पापम, बिचारा फार गुणाचा पोरगा!” पाण्याची लॉरी आली की सेल्वम दोन्ही हातांत भरलेले प्लास्टिकचे कोडम, म्हणजे घागरी, घेऊन जिना चढायचा. म्हणजे माझ्या सेंटर फॉरवर्डचे गुडघे तिथे अख्ख्या बिल्डिंगचं पाणी भरत होते! मी फोनवरून विनवलं, तर त्या म्हणाल्या, “अय्यो, त्यालाच आवडतें! नको म्हटलें तरी ऐकत नाहीं.”

नोंदणीच्या आदल्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्याला आणायला अड्यारला गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. घरात ना अप्पा, ना सेल्वम!

“कुठे गेले?”

“अप्पांच्या जुन्या ऑफिसात गेले ना, दोघेही! बसा, कॉफी देते.”

“ऑफिसात? कशाला?”

मग सासूबाईंनी जे सांगितलं ते असं. सकाळी त्यांच्या हातून पितळेचा टंबलर निसटला. आमच्या सासुरवाडीत टंबलर पडला की शेजारच्या बिल्डिंगला कळतं. पण आवाजच आला नाही! सेल्वम तिथेच जमिनीवर बसून सरासरी काढत होता, त्याने बसल्या बसल्या डावा पाय पुढे केला आणि टंबलर पावलावर अलगद झेलला. आत कॉफी होती, ती सांडली नाही. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हें काय रे? कोठे शिकलास?”

“मी बॉल खेळतो, अप्पा.”

“मग गाढवा, परीक्षा काय म्हणून देतोस? खेळाडूंस कोटा असतो!”

आणि लगेच इस्त्रीचा शर्ट घालून ते त्याला रिक्षात घालून घेऊन गेले.

मी कॉफी तशीच खाली ठेवली. अप्पांचं जुनं ऑफिस! लग्नाला सहा वर्षं झाली, अप्पा कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे मला नीट ठाऊक होतं, हिरवे कुठल्या खात्याचे हेही ठाऊक होतं, पण ही दोन्ही खाती एकच, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं! देवाशप्पथ सांगतो, मी चपला न घालता जिना उतरलो.

खाली रिक्षा थांबत होती. अप्पा उतरले, हातात मिठाईचा पुडा. मागून सेल्वम उतरला आणि भर रस्त्यात माझ्या पायाशी वाकला. पोरगा रडत होता.

“सार, नोकरी! पर्मनंट! माझ्या आईला फोन केला, तिला खरंच वाटेना. सार, तुम्ही परीक्षा म्हणालात तेव्हा मला गंमत वाटली होती. तुम्ही देव आहात, सार!”

अप्पा तर फुलून गेले होते. “मैदानावर नेऊन पाहिला त्यांनी. तेथला अधिकारी माझ्या हाताखालीं कारकून होता. तो म्हणाला, सर, हा पोरगा आम्हांस कधीचा ठाऊक! पण तो निळ्यांस सोडणार नाहीं असें वाटलें, म्हणून आम्ही विचारलेंच नाहीं!”

विचारलंच नाही! म्हणजे अफवा खोटी होती. शुद्ध खोटी! सेल्वम कुठेही जात नव्हता. मी त्याला नेला नसता तर तो दुसऱ्या दिवशी सुखाने निळ्यांसाठी सही करून संध्याकाळी साड्या उलगडायला गेला असता. मला रडू कोसळलं. अप्पांना वाटलं, आनंदाने. खरं सांगायचं तर थोडं आनंदानेही होतं. पोराच्या आईला आता दर महिन्याला बांधलेला पगार येणार होता. एवढ्या रडण्यात कुठलं कशासाठी, ते माझं मलाही वेगळं काढता येईना. अप्पांनी माझ्या तोंडात मैसूरपाक कोंबला आणि मी तो गिळला.

मूर्ती आता छाती फुगवून हिंडत होता, “बघा, मी महिनाभर आधी सांगितलं होतं! माझी माहिती आतली असते!” मी मान डोलवायचो.

मोसमातला पहिलाच सामना निळे विरुद्ध हिरवे. मी जाणार नव्हतो, पण अप्पा हट्टाला पेटले. आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघणार म्हणून त्यांनी जरीकाठी उपरणं घेतलं. बसलो अर्थातच निळ्यांच्या बाजूला, मूर्तीच्या शेजारी. विसाव्या मिनिटाला सेल्वमने डाव्या पायाने चेंडू घेतला, आमचे दोन बचावपटू उलट्या दिशेला पाठवले आणि गोल!

आमच्या बाजूला सगळ्यांनी डोक्याला हात लावला. आणि सेल्वम आपले हिरवे सोबती सोडून सरळ आमच्याच दिशेने धावत आला. कठड्याशी थांबून त्याने माझ्याकडे बघून हात जोडले आणि ओरडला, “सार! सगळं तुमच्यामुळे!”

निळ्यांचे सगळे प्रेक्षक एकदम माझ्याकडे वळले. सुंडलवाला सुद्धा. मूर्तीने डोळे बारीक केले.

“तुमच्यामुळे म्हणजे?”

“कोण जाणे,” मी म्हटलं, “मी ओळखतही नाही त्याला.”

पण शेजारी अप्पा होते. ते उभे राहिले, उपरणं सावरलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मैदानाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत तमिळमध्ये म्हणाले, “होय! आमच्या जावयानेच लावला त्याला तिकडे!”

मी अजूनही निळ्यांचा कट्टर समर्थक आहे. फक्त सामना हिरव्यांच्या बाजूला बसून बघतो, कारण तिथे निदान मला मारत नाहीत.